दोन वर्षांनी सुटलेला वारा

२०२२च्या मध्यात थायलंडमधल्या तरुण पोरांनी टिकटॉकवर एक जपानी गाणं उचललं आणि बघता बघता ते आशियाबाहेर गेलं. गाणं होतं 'शिनु नो गा ए वा', ढोबळ मराठीत 'त्यापेक्षा मेलेलं बरं'. गंमत म्हणजे ते नवं नव्हतंच. फुजिई काझे या गायक-संगीतकाराच्या मे २०२०मधल्या पहिल्या अल्बममध्ये ते दोन वर्षं पडून होतं. सिंगल म्हणूनही ते काढलेलं नव्हतं.

जपानी पॉप परदेशात सहसा असं जात नाही. क्यू साकामोतो या गायकाचं एक जपानी गाणं १९६३मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं खरं, पण तिथे ते 'सुकियाकी' या नावाने विकलं गेलं. सुकियाकी हा मांसाचा पदार्थ. गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. पुढे २००४मध्ये जपानी पॉपस्टार उताडा हिकारुने इंग्रजी अल्बम करून पाहिला. जपानमधल्या यशाच्या तुलनेत तिकडे फार काही हाती लागलं नाही. शिवाय घरची संगीताची बाजारपेठच जगात दुसऱ्या क्रमांकाची. सीडी खपत असताना गाणी इंटरनेटवर मोकळी सोडायची घाई कोणाला असणार?

काझे आला तो मात्र इंटरनेटवरूनच. १९९७चा जन्म, ओकायामा प्रांतातलं सातोशो हे छोटं गाव, चार भावंडांत धाकटा. वडील कॅफे चालवायचे. पियानो आणि इंग्रजी शिकवलं त्यांनीच, आणि यूट्यूबवर व्हिडिओ टाक म्हणूनही त्यांनीच सांगितलं. बाराव्या वर्षापासून तो दुसऱ्यांची गाणी पियानोवर वाजवून टाकत राहिला. 'काझे' म्हणजे वारा. हे टोपणनाव नाही, खरं नाव आहे.

२०१९च्या शेवटी आलेलं त्याचं पहिलं स्वतःचं गाणं, 'नान नान', ओकायामाच्या बोलीत आहे. त्यात तो स्वतःला 'वाशी' म्हणतो. 'मी'साठी हा शब्द टोकियोत ऐकला तर एखादा म्हातारा डोळ्यांसमोर येतो. टोकियो गाठलेल्या पोराने गावची बोली टाकली नाही, हे मला त्याच्या सुरावटींइतकंच महत्त्वाचं वाटतं. 'ए वा'मधला 'ए'सुद्धा प्रमाण जपानीतला 'ई' नव्हे. तो पश्चिम जपानचा.

सप्टेंबर २०२१मध्ये, कोरोनाच्या काळात, योकोहामाच्या सत्तर हजारांच्या निस्सान स्टेडियममध्ये तो पियानो घेऊन एकटा बसला. प्रेक्षक शून्य, वर पाऊस, आणि यूट्यूबवर सगळ्यांना फुकट. त्याच वर्षअखेरीस जपानच्या सार्वजनिक वाहिनी एनएचकेच्या 'कोहाकु' या गाण्यांच्या कार्यक्रमात त्याला पहिल्यांदा बोलावणं आलं. हा कार्यक्रम जपान ३१ डिसेंबरला घरोघरी बघतो. पुढच्या वर्षी तिथे त्याने गायलं ते 'शिनु नो गा ए वा'च. थायलंडने निवडलेलं गाणं असं घरी परतलं.

भारतीय कानांना मात्र त्याच्या अल्बमची नावं आधीच ओळखीची वाटली असतील. 'हेल्प एव्हर हर्ट नेव्हर', मग २०२२चा 'लव्ह ऑल सर्व्ह ऑल': दोन्ही पुट्टपर्थीच्या सत्यसाईबाबांची वचनं. जपानमध्ये त्यावरून बरीच कुजबुजही झाली. त्याच वर्षी 'ग्रेस' या गाण्याचा व्हिडिओ त्याने भारतात चित्रित केला. सप्टेंबर २०२५चा तिसरा अल्बम पूर्ण इंग्रजीत आहे, आणि त्याचं नाव 'प्रेमा'. जपानी श्रोत्यांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागतो.