कडुनिंबाची चांदी आणि द्राक्षाच्या काडीचं सेल्युलोज

पिंपळगावला द्राक्षं भरायच्या पॅकहाऊसांत हंगामात कोणी ना कोणी नमुना घेऊन येतं. "सर, वनस्पतीजन्य नॅनोकणांची फिल्म आहे, द्राक्षासकट खाल्ली तरी चालेल." नॅनोकण म्हणजे मीटरच्या अब्जांशांत मोजायचे अतिसूक्ष्म कण. पाकिटावर हिरवं पान असतंच. मला त्या पानाचाच राग येतो.

फिल्म आणि कोटिंग यांतला फरक उगाळत बसत नाही: एक आधी वाळवून सोलतात, दुसरं फळावरच बसतं. कुजणारं सगळं खाण्याजोगं नसतं, हेही माहीत असेलच. आणि अशा फिल्ममध्ये घालतात ते कायटोसान बहुधा कोळंबी-खेकड्याच्या कवचातून काढतात, त्याला वनस्पतीजन्य म्हणू नका.

खरा घोळ 'वनस्पतीजन्य' या शब्दातच आहे. त्यात दोन वेगळ्या गोष्टी खपतात: वनस्पतीचेच कण, आणि वनस्पतीकरवी बनवलेले धातूचे कण.

पहिल्याचं उदाहरण नॅनोसेल्युलोज. द्राक्षवेलींच्या खरड छाटणीत निघालेल्या काड्यांतलं सेल्युलोज, म्हणजे वनस्पतीचा तंतुमय भाग, वेगळं काढून तीव्र सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ठेवलं की सैल भाग विरघळतो आणि काही नॅनोमीटर जाडीचे स्फटिक उरतात. पदार्थ तोच, भाजीच्या चोथ्यातला. ॲसिड मात्र धुऊन काढावं लागतं.

त्याचा उपयोग काय, ते कुरडईच्या चिकाकडे, म्हणजे गव्हाच्या स्टार्चकडे, बघून कळतं. पातेल्याच्या काठाला वाळलेला चीक सोलला तर छान पारदर्शक कागद निघतो, पण घडी घातली की तडकतो. ग्लिसरीन घातलं तर वाकतो, पण मग ओल शोषून मऊ पडतो. त्यात मिसळलेलं नॅनोसेल्युलोज स्टार्चच्या साखळ्यांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतं. वाफेलाही सरळ जाता येत नाही, वळसे घालत जावं लागतं. मात्र प्रमाण थोडंच हवं. जास्त झालं की कण एकमेकांना चिकटतात, पिठल्यात गुठळ्या होतात तसे, आणि फिल्म उलट कमजोर पडते.

दुसऱ्या प्रकारात कडुनिंबाच्या पाल्याचा अर्क सिल्व्हर नायट्रेट या चांदीच्या क्षाराच्या द्रावणात घालतात. पाणी पिवळसर, मग तपकिरी होतं. हा रंग पाल्याचा नव्हे, तयार झालेल्या चांदीच्या कणांचा. पाल्यातल्या पॉलिफेनॉल्स या रसायनांनी चांदीच्या आयनांना, म्हणजे विद्युतभारित अणूंना, इलेक्ट्रॉन दिले, कणांवर पातळ थर चढवला, बस्स. पिठलं लाकडावर शिजलं म्हणून कोणी लाकूड खाल्लं असं म्हणत नाही.

हे कण बुरशी-जिवाणूंना मारतात, म्हणूनच वापरतात. खोक्याच्या अस्तराला चालतील का, हे चांदी फळात किती उतरते ते मोजून ठरवता येईल. चावून खायच्या फिल्ममध्ये मात्र मला ते नकोत. "मग मिठाईवरचा वर्ख?" असं कोणीतरी विचारतंच. वर्ख ठोकून केलेला पत्रा असतो, भारतीय नियमाने किमान 99.9 टक्के शुद्ध चांदीचा. त्याच वजनाच्या नॅनोकणांचा पृष्ठभाग कितीतरी जास्त, म्हणून त्यांतून आयन जास्त सुटतात. वर्खाला मिळालेली परवानगी त्यांना आपोआप लागू होत नाही.

म्हणून मी एकच विचारतो: फिल्म जाळली तर राखेत काय उरेल? सेल्युलोज जवळपास सगळं जळून जातं, चांदी मागे राहते. यावर "सर, पूर्ण ऑरगॅनिक आहे" असं उत्तर आलं की नमुना परत.