दोन ग्रॅमची पिशवी: किराणा दुकानातल्या प्लास्टिकबंदीची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या प्लास्टिकबंदीचा विषय निघाला की २३ मार्च २०१८ ही तारीख सांगितली जाते. दुकानदारांच्या दृष्टीने मात्र त्यानंतर तीन महिन्यांनी आलेली ३० जूनची दुरुस्ती जास्त मोलाची आहे. मार्चच्या अधिसूचनेने पिशव्या बंद केल्या. जूनच्या दुरुस्तीने सुटा माल बांधून ठेवायच्या पिशवीला त्या बंदीतून बाहेर काढलं, तेही काही अटी घालून. ही सूट न्याय्य होती की बंदीच्या अंमलबजावणीला पहिल्याच आठवड्यात पाडलेलं भगदाड, हा वाद अजून मिटलेला नाही. तो समजून घ्यायचा तर थोडं मागे जावं लागतं.

अविघटनशील कचऱ्यावर राज्याने स्वतंत्र कायदा करायची सुरुवात १९९५ मध्ये हिमाचल प्रदेशात झाली. गोव्याने १९९६ मध्ये तसाच कायदा केला. केंद्राचे नियम १९९९ चे. पिशवी किमान २० मायक्रॉन जाड हवी (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), एवढाच त्यांचा मुख्य आग्रह. त्या जाडीची आठ बाय बारा इंची पिशवी जेमतेम सव्वादोन ग्रॅमची भरते, म्हणजे किलोभर वजन व्हायला चारशेहून जास्त पिशव्या वेचाव्या लागतात. भंगाराचा भाव किलोवर ठरतो. त्यामुळे अशी पिशवी कचरावेचकाने उचलावी, ही अपेक्षाच फोल होती. ती नाल्यात गेली.

महाराष्ट्रात हा विषय खऱ्या अर्थाने पेटला तो २६ जुलै २००५ नंतर. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मुंबई बुडाली आणि तुंबलेल्या गटारांचं खापर प्लास्टिकच्या पिशव्यांवर फुटलं. बुजवलेली खाडी, मिठी नदीवरची अतिक्रमणं, जुनाट पर्जन्यवाहिन्या ही कारणंही त्या यादीत होती, पण त्यांच्यावर अध्यादेश काढून भागत नाही. पिशवीवर भागतं. २००६ मध्ये राज्याचा स्वतःचा कायदा आणि त्याखालचे नियम आले आणि पिशवीची किमान जाडी ५० मायक्रॉन ठरली.

हा आकडा केंद्राच्या बराच पुढचा होता. केंद्राने २०११ मध्ये ४० आणि २०१६ मध्ये ५० मायक्रॉन गाठले. मधली दहा वर्षं महाराष्ट्रात बेकायदा असलेली पातळ पिशवी शेजारच्या गुजरात-दमणमध्ये कायदेशीर होती. ट्रकमधून ती इकडे येत राहिली. कागदावर कडक असलेला नियम गल्लीत कुणालाच जाणवला नाही. शिवाय पिशवी ४५ मायक्रॉनची की ५५ ची हे बोटांना कळत नाही. तपासायला मायक्रोमीटर हे जाडी मोजायचं उपकरण लागतं, आणि तपासणी पथकातल्या माणसाच्या हातात असते ती फक्त पावती पुस्तिका.

केंद्राने याच काळात दुकानदाराकडे दुसऱ्या वाटेने जायचा प्रयत्न केला. २०११ च्या नियमांत पिशवी फुकट देऊ नये असं आलं. २०१६ च्या नियमांनी आणखी एक पाऊल टाकलं. ज्या दुकानाला पिशव्या द्यायच्या असतील त्याने स्थानिक संस्थेकडे नोंदणी करावी आणि महिन्याला किमान ४,००० रुपये, म्हणजे वर्षाला ४८,००० रुपये भरावेत. त्या पैशातून कचऱ्याची व्यवस्था लागेल, अशी कल्पना. पानटपरी आणि मॉल या दोघांना एकच किमान रक्कम लावणारी ही तरतूद कुणी गांभीर्याने घेतली नाही, आणि २७ मार्च २०१८ रोजी ती वगळण्यात आली. राज्याची अधिसूचना निघून तेव्हा चारच दिवस झाले होते. एकाच आठवड्यात केंद्राने दुकानदाराच्या मानेवरचा हात काढला आणि राज्याने ठेवला.

पिशवीचे पैसे घ्यायच्या कल्पनेतून उरलं काय? मोठ्या दुकानांत बिलाच्या शेवटी येणारी पिशवीची ओळ. ती पिशवी बहुधा कागदाची किंवा कापडाची असते, वर दुकानाचीच जाहिरात छापलेली. यावरून ग्राहक आयोगांपर्यंत तक्रारी गेल्या आणि काही निकाल ग्राहकांच्या बाजूने लागले. प्लास्टिक कमी करण्यासाठी लावलेली किंमत अशी भलत्याच खात्यात जमा झाली.

आता २०१८. बंदी गुढीपाडव्यापासून येणार असं आधीच जाहीर झालं होतं. पाडवा १८ मार्चला झाला, अधिसूचना २३ मार्चला निघाली. बंद झालेल्या वस्तूंची यादी लांबलचक होती: कॅरीबॅग बंदाची असो वा बिनबंदाची, थर्माकोल आणि प्लास्टिकची ताटं, वाट्या, पेले, चमचे, स्ट्रॉ, हॉटेलातून जेवण बांधून द्यायचे डबे, आणि ज्यांना लोक कापडी समजत होते त्या न विणलेल्या पॉलीप्रॉपिलीनच्या पिशव्यासुद्धा. दंड पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद.

सूटही होती. औषधांचं वेष्टन, रोपवाटिकेतल्या विघटनशील पिशव्या, निर्यातीचा माल, ५० मायक्रॉनहून जाड दुधाच्या पिशव्या. आणि सगळ्यात मोठी सूट होती उत्पादनाच्या ठिकाणीच घातल्या जाणाऱ्या वेष्टनाला. कारखान्यात माल बनतानाच जे प्लास्टिक त्याला चिकटतं ते बंदीबाहेर राहिलं. त्यावर पुनर्वापराच्या किंवा विल्हेवाटीच्या सूचना ठळक छापायच्या, एवढी अट.

वादाचं मूळ या सुटीत आहे, पिशवीत नाही. पन्नास किलोच्या पोत्यातून आलेली तूरडाळ दुकानदार दुपारच्या निवांत वेळात अर्धा किलो, एक किलो अशी पारदर्शक पिशव्यांत भरून, मेणबत्तीवर किंवा सीलिंग मशिनवर तोंड बंद करून फळीवर लावून ठेवतो. हेच काम शहराबाहेरच्या गोदामात एखादी साखळी दुकानांची कंपनी करते. डाळ तीच, प्लास्टिक तेच, कचराही तोच. पण गोदामातलं वेष्टन ‘उत्पादनाच्या टप्प्यावरचं’ ठरलं आणि काउंटरवरचं ‘पिशवी’ ठरलं. पहिल्याला मोकळीक, दुसऱ्याला ५,००० रुपये. केंद्राच्या २०१६ च्या व्याख्येत कॅरीबॅगला धरून नेण्याची सोय असणं गरजेचं होतं आणि वापरापूर्वी माल ज्यात सीलबंद होतो अशा वेष्टनाला तिथून वगळलं होतं. राज्याने ‘बंदाची वा बिनबंदाची’ म्हटल्यावर हा फरक पुसला गेला, निदान छोट्या दुकानापुरता.

हा अन्याय होता यात शंका नाही. मात्र तो ज्या पद्धतीने दूर केला गेला, त्याने मूळ प्रश्नाला हातही लागला नाही.

अंमलबजावणी लांबली, कारण प्रकरण न्यायालयात गेलं. एप्रिलमध्ये न्यायालयाने स्थगिती नाकारली, पण हातातल्या वस्तूंची विल्हेवाट लावायला २३ मार्चपासून तीन महिन्यांचा अवधी राहू दिला. त्यामुळे २३ जूनपासून, शनिवारी, कारवाई सुरू झाली. ऐन पावसाळा. साखर, मीठ, गूळ, पोहे हे कागदी पुड्यात ओलावतात ही तक्रार खोटी नव्हती. रद्दीच्या पुड्याला सुतळीचा फेरा मारून हातभर उंचावरून तोडणारी पिढी दुकानांत फारशी उरली नव्हती, आणि छापील रद्दीत खाद्यपदार्थ बांधू नयेत असा अन्नसुरक्षेचा सल्ला आधीच येऊन पडला होता. व्यापाऱ्यांच्या संघटनांनी दुकानं बंद ठेवण्याची भाषा सुरू केली. बंदी लागू होऊन आठवडा व्हायच्या आत मंत्र्यांनी किराणा दुकानांना सूट जाहीर केली आणि ३० जूनला दुरुस्ती निघाली.

दुरुस्ती अशी: किरकोळ विक्रीसाठी माल बांधायला ५० मायक्रॉनहून जाड आणि किमान २ ग्रॅम वजनाची पिशवी चालेल. तिच्यावर बनवणाऱ्याचा तपशील आणि रिकामी पिशवी परत घेण्याची किंमत हवी. ती परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकाने आणि दुकानदारांनी मिळून उचलायची. घरी न्यायला द्यायची पिशवी मात्र बंदच.

या दोन ग्रॅमकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. जाडीचा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, वजनाचा नाही. पण खरी कात्री वजनाची आहे. ५० मायक्रॉनची सहा बाय आठ इंची पिशवी साधारण पावणेतीन ग्रॅमची होते, म्हणजे ती चालते. त्याच जाडीची चार बाय सहाची पिशवी दीड ग्रॅमच्या आतच राहते, म्हणजे ती चालत नाही. अर्धा किलो डाळीची पिशवी कायदेशीर, पन्नास ग्रॅम जिऱ्याची बेकायदा. महिन्याचं वाणसामान एकदम भरणाऱ्याला अडचण नाही. रोजच्या रोज दहा-वीस रुपयांचं सुटं घेणाऱ्या गिऱ्हाइकाची पुडी मात्र नेमकी कायद्याच्या बाहेर पडली. कचऱ्याच्या बाजूने पाहिलं तर यात तर्क आहे. लहान, हलकं प्लास्टिक कुणी वेचत नाही, तेच गटारात सापडतं, म्हणून वजनाची तळरेषा हवी. पण हाच तर्क एक रुपयाच्या शॅम्पूच्या पुडीला आणि पाच रुपयांच्या वेफर्सच्या पाकिटाला लावला असता तर? ती पाकिटं थरांच्या प्लास्टिकची असतात, सहजी पुनर्वापरात येत नाहीत, आणि कुठल्याही गावच्या ओढ्याकाठी आधी तीच दिसतात. ती उत्पादनाच्या टप्प्यावरची असल्यामुळे दोन ग्रॅमची अट त्यांच्या वाटेला गेलीच नाही.

दुरुस्तीवर टीका दोन्ही बाजूंनी झाली. पर्यावरणवाल्यांचं म्हणणं असं की सुट्या मालाला सूट दिली की दुकानात प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा कायदेशीरपणे राहणार, आणि त्याच गठ्ठ्यातून गिऱ्हाइकाच्या हातात काय जातं हे कोण पाहणार? पथकाने दुकानात रिकामी पिशवी पकडली तर ती डाळ भरायची होती की घरी न्यायला द्यायची, हे ती पिशवी सांगत नाही. हा आक्षेप पुढच्या वर्षांनी खरा करून दाखवला. दुकानदारांची बाजू अशी की छापील तपशिलाची, योग्य जाडीची, योग्य वजनाची पिशवी बाजारात घाऊक विक्रेत्याकडे मिळतच नसेल तर त्यांनी ती आणायची कुठून? छापलेली किंमत देऊन रिकामी पिशवी परत घेणारी साखळी तर कुठे उभीच राहिली नाही.

परतीच्या किमतीचं हेच दुधाच्या पिशवीचं झालं. किमान ५० पैसे परत द्यायची अट २०१८ ची. अनामत घेऊन पिशव्या गोळा करण्याची घोषणा २०१९ च्या पावसाळी अधिवेशनात पुन्हा झाली. दूध आजही घरोघरी पिशवीतूनच येतं, आणि पन्नास पैसे परत मिळालेलं गिऱ्हाईक शोधावं लागेल. याउलट, कसलीही सरकारी योजना नसताना, दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन भंगारात विकणारी घरं आधीपासून होती. पिशवी जाड होती, किलोला भाव होता, एवढंच त्याचं कारण.

करोनाच्या दोन वर्षांत कारवाई ढिली पडली आणि पातळ पिशव्या हातगाड्यांवर उघड दिसू लागल्या. त्यानंतरचे बदल मुख्यतः केंद्राकडून आले. ऑगस्ट २०२१ च्या दुरुस्तीने कॅरीबॅगची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी आली. राज्याने त्याच जुलैत प्लास्टिकचा थर दिलेले कागदी कप आणि ताटंही बंद केली. नोव्हेंबरअखेर पुन्हा सवलती आल्या: प्रमाणित विघटनशील वस्तू चालतील, ६० जीएसएमपेक्षा (म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा) जड न विणलेल्या पिशव्या चालतील, आणि जिथे वेष्टनाच्या उपयोगात बाधा येईल तिथे ५० मायक्रॉनहून पातळ प्लास्टिकही चालेल. २०१८ च्या जूनमध्ये जे झालं त्याचीच ही मोठी आवृत्ती. आधी सरसकट बंदी, मग उद्योगांची निवेदनं, मग सूट. उद्योग जितका मोठा तितकी सुटीची भाषा तांत्रिक, एवढाच फरक.

उत्पादनाच्या टप्प्यावरच्या वेष्टनाकडे खरं लक्ष गेलं ते फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत. प्लास्टिक बनवणारे, आयात करणारे आणि त्यात आपला माल विकणारे ब्रँड यांनी किती प्लास्टिक बाजारात आणलं याची केंद्रीय पोर्टलवर नोंद करायची, तेवढं गोळा करून पुनर्वापरात गेल्याची प्रमाणपत्रं दाखवायची. २०२५-२६ पासून कठीण प्लास्टिकच्या वेष्टनात किमान ३० टक्के पुनर्वापरातलं प्लास्टिक घालण्याचं बंधनही त्यात आहे. साखळी दुकानं आणि ऑनलाइन विक्रेते या व्यवस्थेत ब्रँडमालक म्हणून मोजले जातात, सूक्ष्म आणि लघु उद्योग तेवढे वगळून.

या वगळण्यामुळे गल्लीतला किराणा दुकानदार पोर्टलच्या हिशेबात नाही. तो वापरतो त्या पिशवीची नोंद ती बनवणाऱ्या कारखान्याने करायची आहे, आणि तो कारखाना नोंदणीकृत आहे की नाही हे घाऊक बाजारातून दोनशे पिशव्यांचं पुडकं उचलताना दुकानदाराला कळायचा मार्ग नाही. पथक आलं तर पावती त्याच्याच नावाने फाटते, आणि पहिल्या वेळची रक्कम अजूनही ५,००० रुपयेच आहे.