थिऑसॉफिकल लॉज : सभासदत्व आणि मंडळातलं जगणं

थिऑसॉफिकल लॉज म्हणजे थिऑसॉफिकल सोसायटीची गावातली शाखा. कोल्हापुरात लॉज म्हटलं की आधी स्टँडजवळची लॉजं आठवतात, अंबाबाईच्या दर्शनाला आलेली माणसं उतरतात ती, पण त्याचा इथे काही संबंध नाही. फ्रीमेसन या युरोपातल्या जुन्या गुप्त बंधुसंघाचे लोक आपल्या शाखेला लॉज म्हणतात, तोच शब्द इथे रुळला. थिऑसॉफीला मराठीत ब्रह्मविद्या असा प्रतिशब्द आहे आणि जुन्या पुस्तकांत तो सापडतोही, बोलताना मात्र सगळे थिऑसॉफीच म्हणतात. कर्म, पुनर्जन्म, माणसाची सात तत्त्वं असा या विचाराचा पसारा मोठा आहे, त्यात इथे शिरत नाही. या संस्थेचा सभासद होणं म्हणजे नक्की काय, तिथे माणसं एकत्र बसून करतात काय, एवढ्यापुरतीच ही नोंद आहे.

सुरुवात

१८७५ साली न्यूयॉर्कमध्ये हेलेना ब्लाव्हाट्स्की, कर्नल हेन्री ऑल्कॉट, विल्यम जज आणि आणखी काही जणांनी सोसायटी काढली, १७ नोव्हेंबर हा तिचा स्थापना दिन. आपल्याकडे सत्यशोधक समाज निघाला १८७३ ला पुण्यात आणि आर्य समाज १८७५ च्या एप्रिलमध्ये मुंबईत, म्हणजे सगळा एकाच काळातला माल. गंमत अशी की १८७८ मध्ये या अमेरिकन मंडळींनी पत्रव्यवहारावरूनच आर्य समाजाशी जोडून घेतलं, दयानंदांना न भेटताच. १८७९ च्या फेब्रुवारीत ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कॉट बोटीने मुंबईला उतरले, गिरगावात राहिले, आणि ज्यांनी स्वागताची सगळी व्यवस्था केली होती त्यांनीच नंतर त्या स्वागताच्या खर्चाचं बिल पाहुण्यांच्या हातात ठेवलं असं ऑल्कॉटने लिहून ठेवलंय. पुढे दयानंदांशी जमेना, ईश्वर मानायचा की नाही इथपासूनच मतभेद, आणि १८८२ मध्ये दोघांची वाट वेगळी झाली. त्याच वर्षाच्या शेवटी मुख्यालय मद्रासजवळ अड्यार नदीच्या काठावर गेलं ते आजही तिथेच आहे. भारतीय शाखेचं ऑफिस मात्र वाराणसीला, कमच्छा भागात.

सभासद कसं व्हायचं

फॉर्म भरायचा, त्यावर दोन जुन्या सभासदांच्या सह्या घ्यायच्या, वर्गणी भरायची, मंजुरी आली की डिप्लोमा नावाचं एक सर्टिफिकेट मिळतं. झालं. सगळ्या जगातली पद्धत थोड्याफार फरकाने हीच. पहिल्या काही वर्षांत सभासदांच्या गुप्त खुणा, पासवर्ड असलं प्रकरणही होतं, ते नंतर गेलं. कबूल काय करायचं असतं तर तीन उद्देशांशी आपली सहानुभूती आहे, एवढंच. पहिला उद्देश, वंश, धर्म, लिंग, जात, रंग न बघता मानवजातीच्या विश्वबंधुत्वाचं केंद्र तयार करणं. दुसरा, धर्म, तत्त्वज्ञान आणि विज्ञान यांच्या तुलनात्मक अभ्यासाला उत्तेजन देणं. तिसरा, निसर्गाचे उलगडा न झालेले नियम आणि माणसात दडलेल्या शक्ती यांचा शोध घेणं. यात देव मानला पाहिजे असं कुठे नाही, गुरू केला पाहिजे असंही नाही.

आपल्याकडच्या माणसाला नेमकं हेच पचायला जड जातं. आपल्या डोक्यात अध्यात्म म्हटलं की अनुग्रह, दीक्षा, नाहीतर वारकऱ्याची तुळशीची माळ. माळ घातली की मटण बंद, दारू बंद, एकादशी सुरू, माणूस बदलला हे गल्लीला लांबूनच कळतं. थिऑसॉफिकल सोसायटीचा सभासद झाल्यावर असलं काही होत नाही. हिंदू हिंदूच राहतो, मुसलमान मुसलमानच, नास्तिक असेल तर नास्तिक, आणि तिन्ही शेजारी शेजारी बसून कर्माच्या नियमावर वाद घालू शकतात. १९२४ च्या डिसेंबरमध्ये सोसायटीच्या जनरल कौन्सिलने ठरावच केलाय की कुठलीही शिकवण, कुठलाही लेखक, अगदी ब्लाव्हाट्स्कीसुद्धा, सभासदावर बंधनकारक नाही, पटलं तर घ्या नाहीतर सोडून द्या. ब्रीदवाक्यही तसलंच आहे, सत्यान्नास्ति परो धर्मः, म्हणजे सत्याहून मोठा धर्म नाही.

आतल्या वर्तुळाचं वेगळं आहे. १८८८ मध्ये ब्लाव्हाट्स्कीने एसोटेरिक सेक्शन, म्हणजे गूढ साधनेचा विभाग, काढलं, त्यात जायचं तर काही वर्षं साधा सभासद असावं लागतं, आणि मांसाहार, दारू सोडून रोजच्या ध्यानाला बसावं लागतं. साध्या सभासदाला ही अट नाही. म्हणजे तांबडा-पांढरा ओरपूनही डिप्लोमा टिकतो, फक्त अधिवेशनाला अड्यारला गेलात की तिथल्या भोजनशाळेत शाकाहारीच ताट मिळणार, त्याची तयारी ठेवायची.

सात सभासद जमले की लॉजची सनद मागता येते, त्याहून कमी असतील तर अभ्यासकेंद्र म्हणून चालवतात. लॉजला अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार असतात आणि पुस्तकांच्या कपाटाची किल्ली सांभाळणारा एक ग्रंथपाल असतो, माझ्या मते खरी सत्ता त्याच्याच हातात असते. गोळा झालेल्या वर्गणीतला काही भाग वरती जातो. गाव बदललं तर नाव दुसऱ्या लॉजकडे वर्ग करून घेता येतं, आणि आसपास लॉजच नसेल तर कुठल्याच लॉजला न जोडलेला सभासद म्हणूनही राहता येतं.

बैठक

लॉजचा जीव म्हणजे आठवड्याची बैठक. आधी सर्वधर्मीय प्रार्थना किंवा दोन मिनिटं शांतता, मग एखाद्या पुस्तकातला उतारा, मग चर्चा. काही बैठका सगळ्यांना खुल्या असतात, काही फक्त सभासदांच्या. वाचन इतकं हळू चालतं की नवा माणूस घड्याळ बघायला लागतो. द सीक्रेट डॉक्ट्रिन हा ब्लाव्हाट्स्कीचा १८८८ चा दोन खंडांचा ग्रंथ घेतला तर तो वर्षानुवर्षं पुरतो.

मंगळवार पेठेतल्या एका घरी असा अभ्यासगट बसायचा, रीतसर लॉज नव्हे, तिथे मी दोन-तीनदा गेलोय. नऊ-दहा माणसं, त्यात निम्मी रिटायर, चपला जिन्यात, एक फिरता पंखा आणि तो फिरला की ज्यांच्याकडे जाईल त्यांची पानं उडणार. त्या दिवशी पहिला उद्देश चालू होता आणि गाडी एका शब्दावर अडली. मूळ इंग्रजीत बंधुत्व निर्माण करा असं म्हटलेलंच नाही, बंधुत्वाचा न्यूक्लिअस तयार करा असं म्हटलंय, मग मराठीत त्याला काय म्हणायचं? छापील मराठीत केंद्र आहे. एक बाई म्हणाल्या केंद्र म्हटलं की ऑफिस वाटतं, बोर्ड लावलेलं, बीज म्हणा. त्यावर दुसरे म्हणाले बीज म्हटलं की पेरून उगवायची वाट बघत बसायचं. कोपऱ्यात एक काका बसले होते, बहुतेक गप्पच असायचे, गावाकडे चार म्हशी होत्या त्यांच्या, ते म्हणाले, "अहो विरजण म्हणा की. चमचाभर लागतंय, पण भांडं कोमट पायजे, नाहीतर सगळं दूध नासतंय." पाऊण तास झाला होता आणि वाचून झाली होती एक ओळ. मग चहा आला. वहीत त्या दिवसाच्या पुढे विरजण असा एकच शब्द लिहिलेला मी स्वतः बघितलाय.

त्याच बैठकीत एकाने सरळ सांगितलं की मला पुनर्जन्म पटत नाही, आणि कोणी डोळेसुद्धा वटारले नाहीत, पुढच्या वेळी तुम्हीच त्यावर बोला म्हणाले. अशा ठिकाणी हीच खरी शिक्षा.

वर्षातले ठरलेले दिवस थोडेच. १७ नोव्हेंबर सांगितलाच. १७ फेब्रुवारी अड्यार दिन, ऑल्कॉट १९०७ मध्ये त्या तारखेला गेला. ८ मे हा श्वेतकमल दिन, ब्लाव्हाट्स्की १८९१ मध्ये त्या दिवशी लंडनला वारली, तिच्या इच्छेप्रमाणे गीतेतला भाग आणि बुद्धाच्या चरित्रावरचं एक इंग्रजी काव्य वाचतात. आणि डिसेंबरच्या शेवटी अड्यारचं अधिवेशन. तिथे सुरुवातीला हिंदू, पारशी, जैन, ज्यू, बौद्ध, ख्रिस्ती, मुस्लिम, शीख अशा एकेका धर्माची प्रार्थना त्या त्या धर्माची माणसं म्हणतात, एका मागोमाग एक, कोणी कोणाचं भाषांतर करत नाही. आवारात देऊळ, चर्च, मशीद, बौद्ध मंदिर सगळं आहे, आणि तो प्रसिद्ध वड, ज्याचं मधलं मूळ खोड १९८९ मध्ये वादळात पडलं पण पारंब्यांवर झाड उभं आहे.

कोल्हापुरातून बघताना

कोल्हापूरला समाज हा शब्द नवा नाही. शाहू महाराजांच्या काळात १९११ मध्ये इथे सत्यशोधक समाज आला, १९१८ मध्ये आर्य समाज, आणि पुढच्या वर्षी राजाराम कॉलेज चालवायलाच आर्य समाजाकडे दिलं. वेदोक्ताच्या, म्हणजे शाहू महाराजांना वैदिक मंत्रांचा अधिकार आहे की नाही या, प्रकरणानंतरचं कोल्हापूर होतं ते, इथे कुठलीही धार्मिक संस्था आली की पहिला प्रश्न असायचा, जातीचं काय? या प्रश्नावर थिऑसॉफीची बाजू कागदावर तरी भक्कम आहे, जात न बघणं पहिल्याच उद्देशात लिहिलंय, आणि ऑल्कॉटने १८९४ मध्ये मद्रासला अस्पृश्य मुलांसाठी मोफत शाळाही काढली, म्हणजे कोल्हापुरातलं पहिलं वसतिगृह १९०१ मध्ये निघालं त्याच्याही आधी. पण प्रत्यक्षात सभासद बहुतेक इंग्रजी शिकलेले, वकील, मास्तर, सरकारी नोकर, त्यामुळे ही शिकल्यासवरल्यांची बैठक असा शिक्का बसला तो बसलाच. त्यात १९०७ पासून अध्यक्ष ॲनी बेझंट, त्यांनी १९१६ मध्ये होमरूल लीग काढली. टिळकांची लीग त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या शेजारच्या बेळगावात निघाली होती, आणि ब्राह्मणेतर चळवळीला या सगळ्या होमरूलबद्दलच शंका होती, स्वराज्य येणार ते कोणाचं येणार म्हणून. सोसायटी म्हणून आम्ही राजकारणात नाही असं थिऑसॉफिस्ट सांगायचे, ते नियमाने खरंही होतं, पण अध्यक्ष बाईच १९१७ ला काँग्रेसची अध्यक्ष झाल्यावर कोण ऐकणार.

दुसरी अडचण आमच्या स्वभावाची. इथे माणूस सभासद असतो तो तालमीचा. पाटाकडील का खंडोबा, हे कोणी फॉर्म भरून ठरवत नाही, ज्या गल्लीत जन्मला ती तालीम, आणि फुटबॉलच्या सीझनला गॅलरीत कुठे बसायचं तेही त्यावरूनच ठरतं. तालमीत एकदा गेला की मयताला खांदा द्यायला, लग्नात वाढायला, गणपतीच्या मिरवणुकीत ढोल वाजवायला माणूस कमी पडत नाही. लॉजमध्ये यातलं काही नाही. स्वतःचे लग्नविधी नाहीत, मयताचे नाहीत, प्रसाद नाही, मिरवणूक नाही. सेवेसाठी थिऑसॉफिकल ऑर्डर ऑफ सर्व्हिस म्हणून बेझंटबाईंनी १९०८ मध्ये वेगळी शाखा काढली, तिच्यात शाळा, दवाखाने, प्राण्यांची काळजी असली कामं चालतात, पण लॉजचं मूळ काम बसून विचार करणं हेच. उत्साही पोरगं आलं तर महिन्याभरात कंटाळतं, हा दोष मला तरी खरा वाटतो. कुठल्याही लॉजमध्ये गेलात तरी केस पांढरे झालेलेच जास्त दिसतात.

फूट आणि गळती

ज्या संस्थेत काहीच मानायची सक्ती नाही तिथे भांडणं नसतील असं वाटतं, पण भरपूर झाली. १८८४-८५ मध्ये ब्लाव्हाट्स्कीच्या चमत्कारांवरून मोठं प्रकरण झालं, लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रीसर्चच्या वतीने हॉजसन अड्यारला येऊन तपास करून गेला आणि अहवाल बाईंच्या पूर्ण विरोधात गेला. १८९५ मध्ये जजबरोबर अमेरिकेतल्या बहुतेक शाखा बाहेर पडल्या. १९०९ मध्ये लॉस एंजेलिसला युनायटेड लॉज ऑफ थिऑसॉफिस्ट्स निघालं, त्यांच्यात अध्यक्ष नाही, ठरलेली वर्गणी नाही, लेखांवर नावं नाहीत. बी. पी. वाडिया, ज्यांनी १९१८ ला मद्रास लेबर युनियन काढली तेच, या बाजूला गेले आणि १९२९ मध्ये मुंबईत त्याची शाखा आली. म्हणजे मुंबईत आज दोन्ही प्रकार सापडतात, नव्या माणसाने आत जाताना बोर्ड नीट वाचावा.

सगळ्यात मोठा धक्का कृष्णमूर्तींचा. अड्यारच्या किनाऱ्यावर सापडलेला हा पोरगा जगाचा गुरू होणार म्हणून १९११ मध्ये ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट काढली, देशोदेशी हजारो माणसं जमवली, आणि ३ ऑगस्ट १९२९ ला हॉलंडमधल्या ओमेनच्या मेळाव्यात त्यानेच ती बरखास्त केली, सत्याकडे जायला रस्ता नसतो आणि त्यासाठी संघटना काढता येत नाही म्हणाला. त्याच्या आदल्या वर्षी सोसायटीचे सभासद जगभरात ४५ हजारांच्या घरात होते, तो आकडा पुन्हा आला नाही. सभासद तरी काय करणार, ज्याची वीस वर्षं वाट बघितली तोच घरी जा म्हणतोय. काही खरंच गेले. काही मात्र दर आठवड्याला तसेच येत राहिले, कारण त्यांची तर आधीपासून कोणी गुरू येण्यावर भिस्तच नव्हती.

आजही बाहेर पडायला काही लागत नाही, वर्गणी भरायची बंद केली की नाव आपोआप कमी होतं आणि परत यायचं असेल तर परत येता येतं. मंगळवार पेठेतल्या गटातले एक गृहस्थ तीनदा असे गळून तीनदा आत आलेत, चौथ्यांदा फॉर्म घेऊन फिरत होते तेव्हा सही करायला दोन जुने सभासद पाहिजे होते, आणि जो जुना सभासद भेटेल त्याला म्हणत होते सही करा, पण पुनर्जन्माचं मला अजून पटलेलं नाही हं.