लांब पल्ल्याची स्टील टार्गेट: घेण्यापूर्वी आणि टांगण्यापूर्वी

आमचं भोसरीतलं वर्कशॉप मूळचं क्रशरच्या कामाचं. वाघोली-मोशीकडच्या खडी क्रशरना च्यूटच्या (खडी घसरत खाली जायच्या नळ्याच्या) आतून लावायला कडक प्लेटा लागतात, त्या आम्ही कापून देतो. एकदा एका रायफल क्लबचे सेक्रेटरी दारात आले. कोपऱ्यात पडलेला तुकडा बघून म्हणाले, "यातलीच एक गोल कापून द्या." तिथून नेमबाजीच्या टार्गेटचं हे काम सुरू झालं.

"टार्गेट लवकर गेलं" म्हणून प्लेटा परत येतात तेव्हा आम्ही नीट बघतो. नुसत्या गोळ्या खाऊन गेलेल्या प्लेटा त्यात थोड्याच. बाकीच्या कापताना तापवलेल्या, मागून वेल्डिंग मारलेल्या, नाहीतर फ्रेमला घट्ट आवळलेल्या. म्हणून हे पत्रक.

स्टील तुम्हाला हवंय का?

स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य जिंकलं, तेव्हापासून ५० मीटरसाठी स्टील मागणारे पालक येतात. त्यांना आम्ही परत पाठवतो. त्या प्रकारात दहाच्या रिंगणाचा व्यास १०.४ मिमी असतो आणि गुण दशांशातही मोजले जातात. स्टील फक्त "लागली" किंवा "नाही लागली" एवढंच सांगतं. तिथे कागद किंवा इलेक्ट्रॉनिक टार्गेटच हवं.

स्टीलची खरी गंमत ३०० मीटरच्या पुढे. कागद बघायला दरवेळी चालत जायचं आणि तोवर सगळी लेन थांबवायची, हे वाचतं. ६०० मीटरवर गोळी आपटल्यावर "टण्" कानावर यायला पावणेदोन सेकंद लागतात. ज्याने एकदा तो आवाज ऐकला, त्याला विक्रीची भाषा ऐकवावी लागत नाही.

पोलाद

साधा एमएस (माइल्ड स्टील) पत्रा रायफलसाठी नको. त्याचा कडकपणा ब्रिनेल मापात १२० ते १५०च्या आसपास असतो. गोळी त्यात वाटीसारखा खड्डा करते आणि पुढची गोळी त्या वाटीत पडली की तिचे तुकडे नेमबाजाच्या दिशेने उलटू शकतात. इथे प्रश्न पैशाचा नाही, डोळ्यांचा आहे.

हवी ती ५०० ब्रिनेलची झीजरोधक प्लेट. बाजारात ती एआर ५०० किंवा हार्डॉक्स ५०० अशा नावांनी मिळते. ४०० ची प्लेट स्वस्त पडते, पण लांबच्या आणि मंद गोळीलाच चालते.

क्रशरवाल्यांच्या ओळखीने जुन्या जॉ-प्लेटचं (क्रशरच्या जबड्यातल्या प्लेटचं) मँगनीज स्टील घेऊन येणारेही भेटतात. "दगड फोडतं म्हणजे कडकच की!" दगडाचा मार खाऊन ते वरून कडक होतं, हे खरं. पण मुळात ते २०० ब्रिनेलच्या आसपासचं. टार्गेटसाठी नको.

प्लेट कुणाकडूनही घ्या, टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर (पोलादाच्या ओतणीचा नंबर) प्लेटवर मारलेल्या नंबराशी जुळवून बघा. कागद नसेल तर निदान कडेला कानस मारून बघा. एमएसला ती लगेच धरते, ५००च्या प्लेटला सहज धरत नाही.

कापणी आणि आमची एक चूक

ही प्लेट तापवून आणि झटकन थंड करून कडक केलेली असते. ती पुन्हा २५० अंशांच्या वर तापली की कडकपणा उतरायला लागतो. गॅसकटरने कापली तर कडेचा रुंद पट्टा मऊ पडतो, प्लाझ्माने कमी, वॉटरजेटने (पाण्याच्या जोरदार धारेने) अजिबात नाही. आम्ही गोल टार्गेट वॉटरजेटवर कापतो. दर जास्त पडतो, ते मान्य. ग्राइंडर जपून चालवा. पोलादावर निळी झाक आली म्हणजे ती जागा ३०० अंशांच्या आसपास गेली, असं धरून चाला.

पहिल्या वेळी आम्ही शहाणपणा करून प्लेटांना मागून हुक वेल्ड करून दिले होते. दिसायला सुबक. महिनाभरात त्या परत आल्या. हुकाच्या बरोबर समोर, पुढच्या बाजूला, अंगठा दाबल्यासारखे खड्डे. सगळ्या बदलून दिल्या. तेव्हापासून टार्गेटला वेल्डिंगची कांडी लावत नाही. फक्त भोकं, तीही कापतानाच पाडलेली.

जाडी, आकार, वजन

पॉइंट टू-टू (.२२) या लहान काडतुसासाठी ६ मिमी पुरते. सेंटरफायर रायफलला (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर पिन आपटते ती, जास्त ताकदीची) १० मिमी घ्या. मोठ्या काडतुसाला किंवा रोज वापर असलेल्या रेंजला १२ मिमी.

आकारासाठी एक सोपा हिशोब: एक मिल (नेमाच्या दुर्बिणीतलं कोनाचं माप) म्हणजे १०० मीटरवर १० सेंमी. म्हणजे ३०० मीटरवर ३०० मिमीची प्लेट बरोबर एक मिलची दिसते. एमओएत (अंशाच्या साठाव्या भागात) मोजणाऱ्यांनी १०० मीटरला २९ मिमी धरावेत. आमचा सल्ला ३०० मीटरला ३०० मिमी, ६००ला ४५०, हजारला ६००. हात बसल्यावर शेजारी निम्म्या आकाराची टांगा. सुरुवातीलाच लहान घेऊन दिवसभर मातीच उडवणारे आम्ही पाहिलेत.

वजन आधी बघा, कारण ते उचलायचं तुम्हाला आहे. १० मिमी जाडीची ३०० बाय ३०० चौकोनी प्लेट ७ किलोची, ४५० ची सुमारे १६ आणि ६०० ची २८ किलोच्या वर.

टांगणी

इथे थोडं सावकाश वाचा.

प्लेट हलली पाहिजे. ती झुलली की गोळीचा बराच जोर झुलण्यात जातो. भिंतीला किंवा अँगलला घट्ट आवळलेल्या प्लेटला तो सगळा अंगावर घ्यावा लागतो. मग ती वाकते नाहीतर बोल्ट तुटतो.

दुसरी गोष्ट कलाची. प्लेटचं तोंड किंचित जमिनीकडे असावं, म्हणजे शिशाचे तुकडे खाली जातात. स्थिर प्लेटला साधारण २० अंश, झुलणाऱ्या प्लेटला थोडा कमी कलही चालतो. त्यासाठी खास स्टँड लागत नाही. भोकातून लांब बोल्ट मागे काढा, त्यावर ४५ मिमी पाइपचा तुकडा स्पेसर म्हणून घाला आणि टांगायचा पट्टा त्याच्या मागे अडकवा. टांगण्याची जागा प्लेटच्या मागे गेली की वजनाने खालची कड आपोआप मागे सरकते आणि तोंड खाली वळतं. भोकं वरच्या कडेपासून ३० मिमीवर असतील तर एवढ्या स्पेसरने ३०० च्या प्लेटला जवळजवळ २० अंश मिळतात, ४५० च्या प्लेटला १३.

बोल्ट कॅरेज बोल्टच घ्या आणि गोल डोकं नेमबाजाकडे ठेवा. षटकोनी डोक्याच्या कडांवरून गोळी कुठे फुटेल याचा नेम नाही. मागे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला), कारण साधा नट धक्क्यांनी सुटतो.

साखळी की पट्टा? आमचं मत पट्ट्याच्या बाजूने. साखळीच्या कडीला गोळी लागली तर कडी तुटते आणि तिचे तुकडे उडतात. क्रशरचा जुना कन्व्हेयर बेल्ट तीन-चार इंच रुंद कापून घ्या. गोळी त्यातून आरपार जाते, पट्टा टिकतो, चिरला की बदलायचा. साखळी वापरायचीच असेल तर प्लेटच्या कडेपासून दूर, वरच्या भागातच. पट्टे दोन हवेत. एका पट्ट्यावर प्लेट भिंगरीसारखी फिरते आणि तिच्या कडेवर बसलेली गोळी कुठेही जाते.

फ्रेमसाठी निलगिरीचे वासे बरे. लोखंडी अँगल नेमबाजाच्या समोर उघडा राहिला की तोच दुसरं टार्गेट होतो, तोही एमएसचा.

अंतर आणि गोळी

सेंटरफायर रायफलने १०० मीटरच्या आत स्टीलवर गोळी झाडू नका. वेगवान काडतुसाला आम्ही २०० सांगतो. आपटताना वेग सेकंदाला ९०० मीटरच्या वर असेल तर चांगल्या प्लेटलाही खळगे पडतात. पोलादी गाभ्याची किंवा चिलखतभेदी गोळी तर कुठल्याच अंतरावर नको. काडतुसाला चुंबक लावून बघा. गोळीच्या टोकाला चुंबक ओढला गेला तर ते बाजूला ठेवा. चष्मा फक्त नेमबाजाला नाही, मागे चहा घेऊन उभ्या असलेल्यांनाही हवा.

बांध

प्लेटच्या मागे मातीचा बांध हवाच, कारण चुकलेली गोळी तिकडेच जाते. आपल्याकडचा मुरूम दगडगोट्यांनी भरलेला असतो आणि काळ्या दगडावरून गोळी उसळते. वरचा थर चाळलेल्या मातीचा घ्या. प्लेटखालीही वाळू पसरा, फरशी किंवा काँक्रीट नको. मंजूर रेंज नसलेल्या फार्महाऊससाठी आम्ही टार्गेट देत नाही. कृपया आग्रह करू नये.

रंग, गंज, निरोप

पांढरा स्प्रे पेंट, स्वस्तातला. ठसा करडा उठून दिसतो. सत्र संपलं की पुन्हा फवारा. हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नका, शिशाची धूळ असते. ही प्लेट गंजते. पावसाळ्यात उतरवून, तेलाचा हात फिरवून आत ठेवा. वरवरच्या गंजाने मात्र बिघडत नाही.

प्लेट मागच्या बाजूला फुगली तर उलटी करून लावा. पुढच्या बाजूला मिलिमीटरभर खोल खड्डा दिसला तर त्याच दिवशी उतरवा. अशी प्लेट धुऊन, शिसं काढून आमच्याकडे आणा. आम्ही ती वजनावर परत घेतो, कारण क्रशरच्या च्यूटला लावायला ती अजून दोन-तीन वर्षं चालते.