ईसीएसी महिला आइस हॉकी अजिंक्यपद : पार्श्वभूमी

अमेरिकेत महाविद्यालयीन महिला आइस हॉकीची एनसीएए (महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय संघटना) राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली २००१ मध्ये. ईशान्येकडच्या ईसीएसी या कॉन्फरन्सची (आपसांत साखळी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाची) महिला स्पर्धा त्याच्या १७ वर्षे आधीपासून, १९८४ पासून, खेळली जात होती. त्यामुळे सुरुवातीच्या काळात हा करंडक जिंकला की पुढे जिंकण्यासारखे काही उरतच नसे. जुन्या विजेत्यांचे मोल आजच्या मापाने करू नये ते याचसाठी.

१९८४ ते १९९७ या १४ वर्षांत तीनच संघ विजेते झाले : प्रॉव्हिडन्स सहा वेळा, न्यू हॅम्पशायर पाच वेळा, नॉर्थईस्टर्न तीन वेळा. पुढे १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकी संघाची कर्णधार कॅमी ग्रॅनाटो याच प्रॉव्हिडन्सची. या काळातला सर्वांत गाजलेला सामना १९९६ चा अंतिम सामना. ६० मिनिटांत निकाल लागला नाही. प्ले-ऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, जादा वेळ २०-२० मिनिटांच्या सत्रांत खेळवतात आणि पहिला गोल होताच सामना संपतो. त्या दिवशी अशी चार सत्रे पूर्ण गेली. पाचव्या सत्रात ५ मिनिटे ३५ सेकंदांनी न्यू हॅम्पशायरच्या ब्रँडी फिशरने गोल केला आणि प्रॉव्हिडन्स ३-२ असे हरले. एकूण खेळ १४५ मिनिटे ३५ सेकंद, म्हणजे जवळजवळ अडीच सामने.

१९९८ मध्ये ब्राऊनने या तिघांची मक्तेदारी मोडली. २००२-०३ च्या हंगामापासून हे तिन्ही संघ हॉकी ईस्ट या कॉन्फरन्सच्या नव्या महिला लीगमध्ये गेले. म्हणजे ज्यांनी या स्पर्धेला नाव मिळवून दिले, ते आज तिच्यात नाहीतच. आयव्ही लीगच्या (हार्वर्ड, येल अशा जुन्या खासगी विद्यापीठांच्या गटाच्या) सहा आणि इतर सहा अशा १२ संघांची आजची रचना नंतरच्या काही वर्षांत बसली. आयव्ही विद्यापीठे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, तरी २००३ ते २००९ या सातही वर्षी विजेते हार्वर्ड किंवा डार्टमथच होते.

साखळीत प्रत्येक संघ उरलेल्या ११ जणांशी दोनदा खेळतो, म्हणजे २२ सामने. प्रवास वाचावा म्हणून जवळचे संघ जोडीने बांधलेले आहेत. क्लार्कसन आणि सेंट लॉरेन्स यांच्यात जेमतेम १५-१६ किलोमीटर अंतर, त्यामुळे पाहुणा संघ एकाच फेरीत शुक्रवारी एकाशी आणि शनिवारी दुसऱ्याशी खेळून परततो. साखळीतल्या गुणांवर प्ले-ऑफची मानांकने ठरतात. पूर्वी पहिले आठच संघ पुढे जात. २०२२-२३ पासून बाराही जातात : पहिल्या चौघांना सूट, बाकीच्या आठांची एका सामन्याची फेरी. उपांत्यपूर्व फेरी वरच्या मानांकिताच्या रिंकवर (बर्फाच्या मैदानावर), तीनपैकी दोन सामने जिंकेल तो पुढे. उपांत्य आणि अंतिम सामने उरलेल्यांतल्या सर्वोच्च मानांकिताच्या घरी. वरचा संघ उपांत्यपूर्व फेरीत हरला की यजमानपदही जाते आणि काही दिवसांत सगळी व्यवस्था दुसऱ्या गावी हलवावी लागते. तटस्थ मैदानापेक्षा प्रेक्षक मात्र अशाने जास्त जमू शकतात.

विजेत्याला आता राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो, पण उपविजेत्याची वाट बंद होत नाही. २०१४ च्या अंतिम सामन्यात क्लार्कसन कॉर्नेलकडून ०-१ हरले, तरी निवड समितीने त्यांना घेतले आणि त्याच महिन्यात मिनेसोटाला ५-४ हरवून ते राष्ट्रीय विजेते झाले. पश्चिमेच्या डब्ल्यूसीएचए कॉन्फरन्सबाहेर हे विजेतेपद जाण्याची ती पहिलीच वेळ. प्रिन्स्टनचे नशीब याच्या उलट. २०२० मध्ये अव्वल मानांकित कॉर्नेलला त्यांच्याच रिंकवर जादा वेळेत ३-२ हरवून त्यांनी पहिला करंडक घेतला, आणि काही दिवसांतच कोविडमुळे राष्ट्रीय स्पर्धा रद्द झाली.

पुढच्या हंगामात आयव्ही संघांसह आठ जण खेळलेच नाहीत, चारच उतरले. त्यात जिंकलेल्या कोलगेटचे (हो, टूथपेस्टवाल्या घराण्याच्याच नावाचे विद्यापीठ) यश काहींनी अर्धे मानले. पण सगळे संघ परतल्यावरही २०२२, २०२३ आणि २०२४ मध्ये करंडक कोलगेटकडेच राहिला. २०२५ मध्ये तो कॉर्नेलने परत नेला.