एअर इंडियाचा राजेशाही विमानप्रवास

साधारण १९४८ पासून १९७० च्या दशकाअखेरपर्यंत एअर इंडियाने उच्चभ्रू प्रवाशांसाठी जोपासलेली खास भारतीय थाटाची विमानसेवा. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टलेशन विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले, तेथून तिची सुरुवात मानता येते. संस्थानिक, उद्योगपती, सिनेतारे हेच तेव्हाचे प्रवासी. मध्यमवर्गीयांचा विमानाशी संबंध बहुधा परदेशी निघालेल्या नातेवाइकाला हार घालायला सांताक्रूझला जाण्यापुरताच असे.

या सेवेची ओळख म्हणजे पगडी आणि टोकदार मिशांच्या महाराजाचे बोधचिन्ह. कंपनीचे अधिकारी बॉबी कूका यांची ही कल्पना चित्रकार उमेश राव यांनी १९४६ मध्ये कागदावर उतरवली. १९६७ मध्ये स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीने पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना भेट देण्यासाठी चिनी मातीचे रक्षापात्र (अ‍ॅशट्रे) घडवले. शिंपल्याच्या आकाराच्या या पात्राला हत्तीच्या मस्तकांचा आधार होता. पात्र उलटे धरले की तोच हत्ती हंस दिसे. मोबदला म्हणून दालीने हत्तीचे पिल्लू मागितले आणि कंपनीने ते खरोखर स्पेनला पोहोचवले!

मात्र हा लौकिक केवळ अशा नवलाईवर टिकला नव्हता. राष्ट्रीयीकरणानंतरही (१९५३) अध्यक्षपदी राहिलेले जे. आर. डी. टाटा प्रवासात बारीकसारीक टिपणे काढत. विमानातल्या चहाचा रंग कॉफीसारखा दिसतो, ही त्यांची लेखी तक्रार प्रसिद्ध आहे. गरीब, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाची कंपनी युरोपीय कंपन्यांच्या पंक्तीला बसली, याचे मोठे श्रेय या काटेकोरपणाला द्यायला हवे.

थाटाचा कळस १९७१ मध्ये आला. ‘एम्परर अशोक’ हे पहिले बोइंग ७४७ दाखल झाले. खिडक्यांभोवती बाहेरून झरोक्यांची कमान रंगवलेली. आत वळणदार जिन्याने वर गेले की पहिल्या वर्गाची बैठक. जाहिरातीत त्याला ‘आकाशातला राजवाडा’ म्हटले जाई. पण याच अवाढव्य विमानांनी जगभर आसने वाढवली, आणि विमानप्रवास हळूहळू सामान्यांच्या आवाक्यात येऊ लागला.

१ जानेवारी १९७८ रोजी ‘एम्परर अशोक’ वांद्र्याजवळ समुद्रात कोसळून २१३ जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी सरकारने टाटांना अध्यक्षपदावरून दूर केले. कार्यालये सजवण्यासाठी कंपनीने १९५६ पासून बी. प्रभा, वासुदेव गायतोंडे, हुसेन अशा चित्रकारांची चित्रे घेतली होती. तो संग्रह खासगीकरणानंतर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे देण्यात आला.