अंदमानचा फिका भारद्वाज

पहाटे पावणेपाचला जीप हॉटेलच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा आमच्यातले अर्धे लोक अजून झोपेतच होते, आणि बँकेतून रिटायर झालेले आमचे काका म्हणाले, भिया, या वेळेला तर आपल्या इंदूरला पोहेवाला पण कढई चढवत नाही. खरं सांगायचं तर घड्याळ तेच पण सूर्य वेगळा असा हा प्रकार आहे. आपण सगळा देश एकाच वेळेवर चालवतो, पण इंदूर साधारण 76 रेखांशावर आणि पोर्ट ब्लेअर (आता त्याचं नाव श्री विजय पुरम झालंय, पण तिथले रिक्षावालेसुद्धा अजून ब्लेअरच म्हणतात) 93 च्या जवळ. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे तासाच्या वर फरक इथेच झाला, आणि फेब्रुवारीत तर विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे तिथे दिवस आपल्यापेक्षा मोठा, त्यामुळे सकाळ अजूनच लवकर. पावणेसहाला उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचला सूर्य गुडुप. पक्षी घड्याळ बघत नाहीत, त्यामुळे आपणच उठायचं.

आम्ही नऊ जण होतो, इंदूरचेच, सिरपूर तलावावर हिवाळ्यात रविवारी दुर्बिणी घेऊन जाणारी आमची टोळी. मराठी माणूस अंदमानला गेला की आधी सेल्युलर जेल, ते आम्हीही केलं, पण मुख्य काम होतं चिडिया टापू. ब्लेअरपासून पंचवीसेक किलोमीटर, दक्षिण टोकाला, रस्ता संपतो तिथे जंगल आणि समुद्र एकमेकाला चिकटलेले. गाइड तिथलाच, आजोबांच्या वेळेपासून घर तिथे, हिंदी आपल्यासारखीच बोलणारा. (अंदमानात वेगवेगळ्या भाषांचे लोक आपापसात हिंदीच बोलतात, हे आमच्यातल्या दोघांना तिथे जाऊनच कळलं.)

जीपमधून उतरून दहा पावलं चाललो नाही तोच रस्त्याच्या कडेच्या झुडपातून एक मोठा पक्षी जड अंगाने उडून फांदीवर बसला. शेपूट लांब, पंख विटकरी, चाल तीच, डुलत डुलत. सगळे एका सुरात म्हणाले, भारद्वाज! पण काका दुर्बीण लावून म्हणाले, याचा रंग उतरलाय. बरोबर होतं. आपल्या भारद्वाजाचं डोकं आणि अंग कसं काळंभोर, निळसर चमकणारं असतं, आणि याचं अख्खं अंग फिक्या मातकट रंगाचं, कोणीतरी ब्लीचमध्ये बुडवून काढल्यासारखं. हा अंदमानचा भारद्वाज. जगात फक्त अंदमानात आणि त्याच्या डोक्यावर असलेल्या म्यानमारच्या कोको बेटांवर मिळतो, बाकी कुठेच नाही. मी फोनवर जमेल तसा फोटो काढला, थोडा आवाज रेकॉर्ड केला आणि आईला पाठवून दिला, कारण आमच्या घरी भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो असं मानतात.

पुढच्या दोन दिवसांत हाच खेळ चालू राहिला. टकाचोर दिसला, पण आमच्या इंदूरजवळच्या रालामंडल अभयारण्यातल्या टकाचोरापेक्षा लहान आणि गडद. सुतार दिसला, तो जवळजवळ कावळ्याएवढा, पूर्ण काळा आणि डोक्यावर लालभडक तुरा. कोतवाल दिसला, तोही अंदमानचा स्वतःचा. सर्पगरुड तर दोन प्रकारचे, एक आपल्या ओळखीचा आणि एक गडद चॉकलेटी, जो फक्त अंदमानातच आहे. आपल्या प्रत्येक पक्ष्याची तिथे कोणीतरी वेगळी आवृत्ती काढून ठेवली आहे असं वाटायला लागतं. असे फक्त अंदमानचेच म्हणावेत असे साधारण वीस पक्षी आहेत.

पण मला जास्त मजा वाटली ती जे दिसलं नाही त्याची. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर बसलो होतो आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, काय ते कळेना. मग लक्षात आलं, टुक टुक टुक नाही. तांबट नाही. इंदूरला उन्हाळ्यात दुपारी जो आवाज डोकं उठवतो तो तिथे नाहीच. सातभाईंचा कलकलाट नाही. गाइडला विचारलं तर म्हणाला, साहब, यहाँ ये होते ही नहीं। गिधाडं नाहीत, अंदमानच्या जंगलात माकडं नाहीत, वाघ नाही, बिबट्या नाही. इतकं घनदाट जंगल आणि त्यात मोठं जनावर म्हणाल तर मूळचं रानडुक्कर. हे कसं?

याचं उत्तर समुद्राच्या तळात आहे. साधारण 20 हजार वर्षांपूर्वी हिमयुगात खूप पाणी बर्फ होऊन जमिनीवर अडकलं होतं आणि समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता. त्या वेळी श्रीलंका भारताला जोडलेली, म्हणून तिथे बिबट्याही पोचला आणि हत्तीही. सुमात्रा आणि जावा आशियाला जोडलेले. अंदमानची मोठी बेटं आपापसात जोडून एक लांब बेट झालं, पण मधला समुद्र इतका खोल की मुख्य भूमीला ते तेव्हाही जोडलं गेलं नाही. म्हणजे तिथे जो कोणी आला तो उडत, पोहत नाहीतर वाहत आला. चालत कोणीच नाही. आणि सगळ्यात जवळचा किनारा भारताचा नाहीच, तो म्यानमारचा, दोनशेएक किलोमीटरवर, चेन्नई हजाराच्या वर. तांबट आणि सातभाई हे काही लांब उडणारे लोक नाहीत, या झाडावरून त्या झाडावर, झालं. ते पाण्यावर कशाला निघतील. एखाद्या वादळात चार कोतवाल भरकटून पोचले, त्यांनी संसार मांडला, मुख्य भूमीशी सोयरीक तुटली, आणि हजारो पिढ्यांत रंग, आवाज, आकार थोडा थोडा सरकत गेला. थोड्यांपासून सुरुवात झाली की त्या थोड्यांच्यात योगायोगाने जे होतं तेच पुढे सगळ्यांत जातं, आणि त्यावर नैसर्गिक निवड आपलं काम करत राहते.

म्हणून बेटावर प्रकार कमी असतात आणि वेगळे जास्त. 1967 मध्ये मॅकआर्थर आणि विल्सन या दोन शास्त्रज्ञांनी याचं गणितच मांडलं, बेट किती मोठं आणि किनाऱ्यापासून किती लांब यावरून तिथे किती जाती टिकतील याचा अंदाज. नवीन येणारे आणि संपून जाणारे यांचा हिशेब जिथे जुळतो तिथे आकडा थांबतो.

वाहत येण्यावरून आठवलं, त्याच टपरीच्या मागे केळीच्या पानावर एक हिरवीगार पाल होती, दिवसाढवळ्या उन्हात, पाठीवर लाल ठिपके. आपल्या घरातली पाल रात्रीची, ही दिवसाची. हिचे बाकी सगळे नातेवाईक मादागास्कर, सेशेल्स, मॉरिशस त्या बाजूला, हजारो किलोमीटरवर, आणि मधल्या अख्ख्या भारतात एकही नाही! बहुतेक एखाद्या ओंडक्याला चिकटलेल्या अंड्यांसकट कधीतरी वाहत आली असावी. आमच्यातल्या एकीला पालीची भयंकर किळस आहे, तिनेही फोटो काढला.

चिडिया टापूला तिसऱ्या सकाळी जंगलात वीस मिनिटं काहीच नाही, सगळे कंटाळले, काकांनी तर शेवेची पुडी उघडली, आणि एकदम डोक्यावर गडबड सुरू झाली. कोतवाल, टकाचोर, तो काळा सुतार, भृंगराज, सगळे एकत्र, मिश्र थवा. एकाने खोड ठोकलं की किडे उडतात ते दुसरा पकडतो, आणि इतके डोळे असले की शिकारी पक्षी आला तर कोणीतरी ओरडतंच. दहा मिनिटांत सगळं संपलं, जंगल परत गप्प. बर्डिंग म्हणजे असंच असतं, अर्धा दिवस उभं राहायचं आणि दहा मिनिटांत मान दुखवून घ्यायची.

रात्री घुबडं. अंदमानात फक्त तिथलीच म्हणावीत अशी घुबडं तीन-चार आहेत, एवढ्याशा जागेत! त्यातल्या एका गडद तपकिरी घुबडाला ह्यूमचं नाव आहे. हा ह्यूम म्हणजे तोच, 1885 मध्ये काँग्रेस काढणाऱ्यांतला अॅलन ह्यूम. शाळेत आपण त्याला इतिहासाच्या पुस्तकात वाचतो आणि तो पक्ष्यांचा किती वेडा होता हे कोणी सांगतच नाही. 1873 मध्ये तो स्वतः अंदमान-निकोबारला पक्षी गोळा करत फिरला, आणि पुढे त्याने पक्ष्यांची कातडी आणि अंडी मिळून 80 हजारांवर नमुने ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले. का दिले? त्याची वर्षानुवर्षांची हस्तलिखितं शिमल्याच्या घरातल्या नोकराने रद्दीत विकली, मग त्याचं मनच उडालं. आपल्याकडे रद्दीवाल्याने काय काय नेलंय त्याचा हिशेब नाही.

घुबड बाहेर यावं म्हणून गाइडने मोबाइलवर त्याचा आवाज वाजवला, दोनदा, मग बंद केला. आमच्यातल्या एकाने अजून वाजव म्हटल्यावर त्याने सरळ नाही म्हटलं, आणि मला ते आवडलं. पक्ष्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा कोणी घुसला, तो खाणं-पिणं, पिल्लं सोडून भांडायला येतो. रोज नवीन ग्रुप आणि रोज तेच रेकॉर्डिंग म्हणजे त्या घुबडाने जगायचं कधी.

आता ब्लेअरजवळचं सिप्पीघाट. तिथे जी पाणथळ आहे ती आधी भातशेती होती. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन साधारण मीटरभर खाली बसली, खारं पाणी शेतात आलं ते परत गेलंच नाही, आणि उत्तरेकडे उलटं झालं, जमीन वर आली आणि पोवळ्याचे खडक उघडे पडून मेले. शेतकऱ्याचं गेलं ते गेलंच. पण त्याच पाण्यात आता अंदमानचं बदक पोहतं, तपकिरी, डोळ्याभोवती पांढरा गोल, चष्मा लावल्यासारखा. आमचा सिरपूर होळकरांनी बांधलेला, म्हणजे तोही मूळचा नाहीच, आणि 2022 मध्ये त्याला रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. कोणतं पाणी कोणाच्या उपयोगी पडेल काही सांगता येत नाही.

एका गोष्टीवरून मात्र आमच्यात वाद झाला. रॉस बेटावर चितळांचा कळप आहे, माणसाळलेला, सगळे सेल्फी काढतात, आम्हीही काढले. गाइड म्हणाला, यही तो प्रॉब्लम है। चितळ तिथलं नाहीच, इंग्रजांनी शिकारीसाठी आणून सोडलं. मागे धावणारा वाघ-बिबट्या नाही, आणि हे एका बेटावरून दुसऱ्यावर पोहतही जातं. जंगलातली खालची झुडपं, रोपटी सगळी खाऊन साफ करतं, आणि त्या झुडपांवर राहणारे सरडे कमी होतात हे अभ्यासात दिसलंय. तोच प्रकार आपल्या मोठ्या बेडकाचा, मत्स्यशेतीच्या बियाण्याबरोबर गेला असं मानतात आणि आता तिथलं जे तोंडात मावेल ते गिळतो. रालामंडलला चितळ दिसलं की आपण खूष, इथे तेच चितळ नुकसान करतंय. एकजण म्हणाला, मग काय मारून टाकायचं का? मला विचाराल तर बेटावरून काढायलाच पाहिजेत, कसे ते वनखात्याने ठरवावं. पण हे बोलल्यावर संध्याकाळी जेवताना माझ्याशी दोघं बोलत नव्हते.

पाकोळ्यांची गोष्ट सांगायलाच हवी. अंदमानच्या चुनखडीच्या गुहांमध्ये एक लहानशी पाकोळी राहते, ती काडी-कचरा न वापरता नुसत्या थुंकीचं पांढरं घरटं बांधते. चीनमध्ये त्याचं सूप करतात आणि भाव चांदीसारखा, म्हणून घरटी अंड्या-पिल्लांसकट ओरबाडली गेली. ही गुहेच्या मिट्ट काळोखात कशी उडते? टक-टक आवाज करते आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून भिंत कुठे आहे ते ओळखते. वटवाघळाचा आवाज आपल्याला सहसा ऐकू येत नाही, हिचा येतो. तिचीच चुलत बहीण, चमकदार पाठीची, तिला हे जमत नाही, म्हणून ती उजेड येतो तिथेच घरटं करते. रवी शंकरन या पक्षीशास्त्रज्ञाने हे पक्षी वाचवायला आधी घरटी काढणाऱ्याच लोकांना गुहांवर रखवालदार म्हणून उभं केलं, कारण गुहा त्यांनाच माहीत. शंकरन 2009 मध्ये अकालीच गेले.

आणि नारकोंडम राहिलंच. तिथे जाता येत नाही, आम्हीही नाही गेलो. निद्रिस्त ज्वालामुखीचं एकटं बेट, जेमतेम सात चौरस किलोमीटर, म्हणजे आपली तीन रालामंडलं. तेवढ्या जागेवर एक धनेश आहे जो जगात दुसरीकडे कुठेच नाही, फार तर हजाराच्या आसपास. एकदा तिथल्या पोलिस चौकीच्या बकऱ्या जंगलातली रोपं खात होत्या, त्या नंतर हलवल्या. बकऱ्यांवरून एका अख्ख्या जातीचं भवितव्य ठरावं, इतकं ते बेट लहान.

शेवटच्या रात्री लिस्ट मोजली. काका नाराज, कारण आकडा सिरपूर आणि यशवंत सागर एका रविवारी फिरलं तर होतो त्याच्या जवळपासच. मग एकाने सांगितलं की अंदमानचे काही पक्षी पूर्वी उपजाती मानायचे, आवाज आणि डीएनए बघून मागच्या काही वर्षांत स्वतंत्र जाती झाले, तेव्हा अजूनही काही झाले तर घरी बसल्या लिस्ट वाढेल. त्यावर काका जरा खुलले.

इंदूरला आलो तर आईने फोन पुढे केला. म्हणाली, तू पाठवलेला फोटो मी बघितला, तो भारद्वाज नाही, त्याचं डोकंच काळं नाही, उगाच नमस्कार करायला लावलास. मी म्हटलं आवाज ऐक. तिने आवाज मोठा करून ते घुमणारं हूप-हूप दोनदा ऐकलं, मग खिडकीबाहेरच्या आमच्या भारद्वाजाकडे बघितलं आणि म्हणाली, चुलतभाऊ असेल.